पान ११९ : एका टेक्स्ट फाइलची साफसफाई

मैत्रिणीच्या वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी आपल्या आठवणींचं पुस्तक स्वखर्चाने छापून घेतलं होतं. २१२ पानांचं. डीटीपीची मूळ फाइल केव्हाच हरवलेली. हाताशी होती एक पीडीएफ आणि घरातली एकुलती एक छापील प्रत. आता त्याचं ईबुक करायचं ठरलं. मैत्रिणीने पीडीएफमधून मजकूर उचलला. तो युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फॉन्टमधला होता, म्हणून कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला, सगळा एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओतला आणि मला पाठवून दिला. सोबत निरोप : "फक्त जरा फॉरमॅटिंग बघ. एका संध्याकाळचं काम आहे."

त्या 'फक्त जरा'ला तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा निव्वळ माझ्या आगाऊपणामुळे वाया गेला, आणि हे प्रकरण लिहून ठेवण्याचं कारणही तेच. फाइल घाण होती यात शंका नाही. पण त्या घाणीतच पुस्तकाची निम्मी माहिती दडलेली होती, आणि मी ती पहिल्या दहा मिनिटांत झाडून टाकली.

आधी फाइलचा एक तुकडा बघा. स्पेस डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ओळीच्या सुरुवातीला त्यांच्या जागी ठिपके घातले आहेत.

····त्या वर्षी परीक्षा संपली आणि आम्ही चौघे डोंगर-
दर्‍या पालथ्या घालायला निघालो. बरोबर एक दोर, एक
कंदील. पहिला मुक्काम एका शाळेच्या ओसरीवर केला.
····शाळेचा शिपाई जागा होता. त्याने स्वत: पाणी आणून
– ४७ –
दिलं. "किती जण आहात?" त्याने विचारलं.

सहा ओळींत किती भानगडी आहेत ते मोजा. छापील पानावर जिथे ओळ संपली तिथे फाइलमध्येही ओळ तुटली आहे. 'डोंगर-' पुढची आडवी रेघ लेखकाची की ओळ मावली नाही म्हणून आलेली, ते कळत नाही. 'दर्‍या'मध्ये एक अदृश्य अक्षर आहे, त्याच्याकडे नंतर येतो. 'स्वत:' मधला विसर्ग हा विसर्ग नाहीच, ते इंग्रजी कोलन आहे. परिच्छेदाच्या मधोमध पानाचा आकडा घुसला आहे. आणि परिच्छेदांच्या मध्ये रिकामी ओळ नाही.

माझा नेहमीचा क्रम ठरलेला होता. ओळींच्या दोन्ही टोकांच्या स्पेस छाटायच्या, मधल्या दोन-तीन स्पेसची एक करायची, अदृश्य अक्षरं काढायची, फक्त आकडा असलेल्या ओळी उडवायच्या आणि मग ओळी जोडायच्या. वर्षानुवर्षं मी हे डोळे मिटून करत आलो आहे. या वेळीही केलं. शेवटच्या पायरीपर्यंत सगळं छान चाललं होतं.

ओळी जोडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की परिच्छेद कुठे सुरू होतो हे सांगणारी एकच खूण या फाइलमध्ये होती : ओळीच्या सुरुवातीच्या चार स्पेस. आणि त्या मी सगळ्यात आधी छाटल्या होत्या.

खरं तर त्याच क्षणी मूळ फाइल उघडायला हवी होती. पण मधल्या दोन दिवसांत मी हाताने बऱ्याच दुरुस्त्या केल्या होत्या आणि त्या सोडवेनात. म्हणून ओळीच्या लांबीवरून परिच्छेद ओळखायचा घाट घातला. कल्पना जुनीच आहे : परिच्छेदाची शेवटची ओळ सहसा अर्धवट असते, तेव्हा आखूड ओळ दिसली की परिच्छेद संपला समजायचं. कॅलिबर या ईबुक बनवायच्या प्रोग्रॅममध्येही याची सोय आहे. तिथे ० ते १ मधला एक आकडा द्यावा लागतो, मुळात तो ०.४ असतो, आणि किती लांबीपासून ओळ पुढच्या ओळीला जोडायची ते त्यावर ठरतं. साध्या गद्यात हे बऱ्यापैकी चालतं.

इथे चाललं नाही, आणि त्याची दोन कारणं होती. पहिलं वरच्या नमुन्यातच आहे. '...ओसरीवर केला.' ही परिच्छेदाची शेवटची ओळ काठोकाठ भरलेली आहे. लांबी बघून तिथे परिच्छेद तुटतो असं कुणीही म्हणणार नाही. दुसरं कारण देवनागरीचं. आपल्याला 'विद्यार्थ्यांना' हा चार अक्षरांचा शब्द दिसतो : वि, द्या, र्थ्यां, ना. संगणक मात्र व्यंजन, मात्रा, हलन्त, अनुस्वार असं सुटं मोजतो आणि तिथे पंधरा भरतात. बाइट मोजले तर युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे पंचेचाळीस. छापील पानावर सारख्या रुंदीच्या दोन ओळी घ्या. एकीत जोडाक्षरांची गर्दी असेल आणि दुसरीत 'घर, वर, मग, पण' असे शब्द असतील, तर संगणकाच्या लेखी त्यांच्या लांबीत दीडपटीपर्यंत फरक पडू शकतो. 'आखूड ओळ' कशाला म्हणायचं तेच ठरेना. निकाल असा आला की संवाद एकमेकांत घुसले, आणि कवितेच्या ओळी सलग जोडल्या जाऊन तिचा निबंध झाला.

शेवटी मूळ फाइलवर परत आलो. दोन दिवसांच्या दुरुस्त्या गेल्या. बरं झालं, कारण त्यातल्या काही चुकीच्याच होत्या. तेही पुढे येईल.

दुसऱ्या खेपेला काहीही काढण्याआधी नुसतं मोजलं. कुठल्या ओळीच्या सुरुवातीला किती स्पेस आहेत याची एक यादी केली, आणि ती यादी बघून मी खुर्चीत मागे टेकलो. चार स्पेस असलेल्या शेकडो ओळी होत्या, ते परिच्छेद. दहा-बारा स्पेसच्या ओळी गटागटाने येत होत्या, त्या कविता. छापताना मध्यावर घेतलेल्या. तीसहून जास्त स्पेस असलेल्या सुट्या ओळी म्हणजे पत्रांवरच्या तारखा आणि खालच्या सह्या. छापताना उजवीकडे सरकवलेल्या. काकांनी पुस्तकात तेरा जुनी पत्रं घेतली आहेत हे मला वाचायच्या आधीच या यादीवरून कळलं. पुस्तकाचा सगळा आराखडा त्या निरुपयोगी स्पेसमध्ये शाबूत होता.

मधेच एक खोच निघाली. साठेक परिच्छेद यादीत सापडतच नव्हते, कारण त्यांच्या आधीच्या चार स्पेसपैकी काही साध्या स्पेस नव्हत्याच, न तुटणाऱ्या स्पेस होत्या. दिसायला सारख्या, पण संगणकासाठी वेगळं अक्षर. त्या आधी साध्या केल्या. हा बदल मूळ मजकुरावर करायला मला भीती वाटली नाही, कारण तो एकास एक आहे. एका स्पेसच्या जागी एकच स्पेस येते, मोजदाद बिघडत नाही. काढून टाकणं आणि बदलणं यातला हा फरक मी तोवर कधी इतका मनावर घेतला नव्हता.

मग चार स्पेसच्या प्रत्येक ओळीआधी परिच्छेदाची खूण घातली, कवितेच्या प्रत्येक ओळीआधी एक उभी रेघ, तारखा-सह्यांना तिसरं चिन्ह. खुणा घालून झाल्यावरच स्पेस छाटल्या. आणि ज्या ओळीला कुठलीच खूण नाही ती आधीच्या ओळीला जोडून टाकली. जे काम आधीच्या खेपेला चार दिवसांत जमलं नव्हतं ते सेकंदभरात झालं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण नव्याने ईबुक करणारे तिच्यामागे उगाच रक्त आटवतात. ईपब या ईबुकाच्या फाइलच्या पोटात एक्सएचटीएमएल ही वेबपानांची भाषा असते, आणि त्यात सलग कितीही स्पेस नि ओळतोडी आल्या तरी वाचणाऱ्याला एकच स्पेस दिसते. म्हणजे परिच्छेदाच्या आतल्या ओळी तुटलेल्या राहिल्या तरी ईबुकात त्या दिसणारच नाहीत. खरा प्रश्न परिच्छेद कुठून कुठपर्यंत आहे एवढाच. तरीही मी ओळी जोडतो, कारण तुटलेल्या ओळींमध्ये शब्द शोधता येत नाही आणि ओळीच्या टोकाच्या रेघांचा निकाल लावता येत नाही.

त्या रेघांचं काम मला या सगळ्यात सर्वात आवडलं. ओळीच्या टोकाला '-' आली की ती ठेवायची की काढायची? 'विद्या-' आणि पुढच्या ओळीवर 'लय' असेल तर काढायची. 'आई-' आणि 'वडील' असेल तर ठेवायची. बाहेरचा शब्दकोश यात फारसा उपयोगी पडत नाही, कारण मराठीत प्रत्यय लागून शब्दाची दहा रूपं होतात आणि 'विद्यालयातल्यांनी' कुठल्या कोशात मिळायचा? म्हणून पुस्तकालाच कोश केलं. दोन्ही तुकडे जोडून होणारा शब्द पुस्तकात दुसरीकडे सलग आला असेल तर रेघ काढायची, रेघेसकट आला असेल तर ठेवायची, आणि कुठेच आला नसेल तर डोळ्यांनी बघायचं. डोळ्यांनी बघण्यासारख्या चाळीसच निघाल्या. 'डोंगर-दर्‍या' दुसऱ्या प्रकरणात ओळीच्या मधोमध रेघेसकट आला होता, म्हणून इथेही रेघ राहिली.

प्रत्येक पायरीनंतर एक मोजणी करत होतो. स्पेस आणि ओळतोडी वगळून फाइलमध्ये किती चिन्हं उरतात? ओळी जोडण्याआधी आणि नंतर हा आकडा तंतोतंत सारखा हवा. रेघा काढल्यावर, काढल्या तेवढ्यांनीच तो कमी व्हायला हवा. एकदा एकाने जास्त कमी झाला. शोधून बघितलं तर कवितेच्या ओळीअखेरची एक रेघ गेली होती. ती लेखकाने विरामासाठी घातलेली होती.

आता ते अदृश्य अक्षर.

पहिल्या खेपेला मी सगळी शून्य रुंदीची अक्षरं एका झटक्यात काढली होती. ही अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत आणि शब्द शोधताना आडवी येतात, म्हणून सगळेच काढतात. तेव्हा तयार झालेली चार प्रकरणं कच्च्या ईबुकात घालून मी काकांना वाचायला पाठवली होती. दुसऱ्या दिवशी फोन.

"पुस्तक झकास दिसतंय रे. पण आम्ही दर्यावर कधी गेलो होतो?"

"कुठे आहे ते, काका?"

"पान तर दिसत नाही यात. तो परीक्षेनंतरचा भाग. डोंगर-दर्या पालथ्या घातल्या म्हणे. दर्या म्हणजे समुद्र. मी जन्मात पोहायला शिकलो नाही."

प्रकार असा. 'दर्‍या' मधला तो कोयत्यासारखा अर्धा र, ज्याला आपण रफारापासून वेगळा काढतो, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं जोडणारं अक्षर असतं, त्याचा युनिकोड क्रमांक यू+२००डी. दुसऱ्या तऱ्हेत र ऐवजी बुडाशी ठिपका असलेला ऱ, म्हणजे यू+०९३१, आणि पुढे हलन्त. जुन्या फॉन्टवरून आलेल्या मजकुरात बहुतेक पहिलीच तऱ्हा सापडते. तिच्यातलं अदृश्य अक्षर काढलं की उरतं र, हलन्त, य. त्याचा सरळ रफार होतो. दऱ्यांचा दर्या झाला, आणि पुढे एका पंगतीच्या वर्णनात आचाऱ्यांना बोलावणं धाडलं होतं तिथे आचार्यांना गेलं. हा फरक मराठी सोडून फारशा कुणाला लागत नाही, त्यामुळे साफसफाईच्या तयार स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही तो नसतो.

दुसऱ्या खेपेला आधी 'र, हलन्त, जोडणारं अक्षर' अशी जोडी जिथे जिथे होती तिथे 'ऱ, हलन्त' केलं, आणि त्यानंतर उरलेली जोडणारी अक्षरं बघितली. त्यातली बरीच खरोखर कचरा होती : शब्दाच्या शेवटी, स्पेसच्या आधी, कुठेही. काही मात्र लेखकाने अर्धं अक्षर मोडून दाखवायला मुद्दाम घातलेली. ती ठेवली. याचं जुळं भावंड, जोड तोडणारं अक्षर यू+२००सी, 'वाक्‌प्रचार' सारख्या शब्दांत पाय मोडलेला दाखवायला येतं. तेही राहू दिलं.

कन्व्हर्टरची बाकीची पापं ओळखायला सोपी होती, कारण ती अशक्य जोड्यांच्या रूपात येतात. मात्रेआधी स्पेस कधीच येत नाही. हलन्तानंतर मात्रा येत नाही. शब्दाच्या शेवटी 'र्' लटकत राहत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकत आणि रफार नंतर, त्यामुळे कन्व्हर्टर चुकला की 'धर्म'चा 'धमर्' होतो आणि वेलांटी जोडाक्षराच्या पोटात अडकते. अशा सगळ्या अशक्य जोड्या एकेक करून शोधल्या. त्याहून फसवं म्हणजे जे दिसायला बरोबर असतं : 'आ' ऐवजी 'अ' आणि काना, 'ो' ऐवजी काना आणि मात्रा सुटी, 'डॉक्टर' मधला 'ॉ' काना आणि चंद्र असा दोन तुकड्यांत. संगणकाच्या पडद्यावर बहुतेक वेळा फरक कळत नाही. ईबुक वाचायच्या यंत्रावर मात्र तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, आणि शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची समान रूपं एकसारखी करणारी क्रिया, चालवून हे आपोआप सुटेल असं मला वाटत होतं. नाही सुटत. प्रमाणीकरणाच्या लेखी ही रूपं एकमेकांशी समान नाहीतच. 'ॲ' चंही तसंच : २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःचं स्थान मिळालं, त्याआधीचे लोक अ आणि चंद्र असं लिहीत, आणि ती दोन्ही रूपं आजही वेगळीच मोजली जातात. बदल हातानेच करावा लागतो.

कोलन-विसर्गाला फार वेळ लागला नाही. दोन मराठी अक्षरांच्या मध्ये कोलन अडकला असेल, जसा 'दु:ख' मध्ये, तर तो विसर्गच. शब्दाच्या शेवटी असेल तर 'स्वतः, विशेषतः, क्रमशः' अशी छोटी यादी करून तेवढेच बदलले, बाकीचे सोडले. दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ, पूर्णविरामाआधीची स्पेस, दंडाच्या (।) जागी कळफलकावरची उभी रेघ, सरळ अवतरणचिन्हं : हे सगळं तासाभराचं काम. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी आहे ती 'कि'ची फजिती.

काकांनी जुन्या सवयीने सगळीकडे 'कि' ऱ्हस्व लिहिला होता आणि आता तो 'की' करून हवा होता. मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली : पूर्ण शब्द 'कि' जिथे असेल तिथे 'की'. 'किती' ला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण घालायला विसरलो नाही. चालवली. शिपाई विचारत होता, "कीती जण आहात?" पुढच्या प्रकरणात कीनारा, कील्ला, कीमान. आणि ज्या 'कि'साठी हा सगळा खटाटोप, तो जसाच्या तसा.

म्हणजे ज्यांना हात लावायचा नव्हता नेमके तेवढेच बदलले होते. कारण कळल्यावर मी दोन मिनिटं हसत होतो. पायथनचं मजकूर शोधण्या-बदलण्याचं अंगभूत 'आरई' मॉड्यूल मात्रांना शब्दाचं अक्षर मानत नाही. त्याच्या दृष्टीने 'क' हे अक्षर, वेलांटी म्हणजे विरामचिन्हासारखं काहीतरी. सीमा असते ती अक्षर आणि बिगर-अक्षर यांच्या मध्ये. 'किती' मध्ये वेलांटीनंतर 'त' येतो, म्हणून तिथे सीमा. सुट्या 'कि' मध्ये वेलांटीनंतर स्पेस. दोन्ही बिगर-अक्षरं, म्हणून सीमा नाही. आपल्या तर्काच्या बरोब्बर उलट. त्यानंतर मी तयार सीमेवर विसंबलो नाही. आधी किंवा नंतर यू+०९०० ते यू+०९७एफ या देवनागरी पट्ट्यातलं काहीही नको, फक्त दंड चालेल, अशी स्वतःची सीमा लिहून ठेवली आहे आणि तीच सगळीकडे वापरतो. पहिल्या खेपेच्या ज्या दुरुस्त्या गेल्याचं वाईट वाटलं नाही म्हटलं, त्यात ही होती.

राहिले पानांचे आकडे. ईबुकात अक्षर लहान-मोठं करता येतं, त्यामुळे छापील पानाचा आकडा मजकुराच्या मध्ये ठेवून काही अर्थ नाही. पहिल्या खेपेला मी ते सरसकट उडवले होते. दुसऱ्या खेपेला, स्पेसचा धडा ताजा असल्याने, आकड्यांकडेही जरा आदराने बघितलं. काकांचं ते वाक्यही डोक्यात होतं : 'पान तर दिसत नाही यात.' ईपब ३ मध्ये छापील पानांची यादी देता येते. मजकुरात जागोजागी अदृश्य खुणा ठेवायच्या आणि सूचीत '४७' दाबलं की वाचक छापील सत्तेचाळीसाव्या पानाच्या सुरुवातीशी पोचतो. छापील प्रत वाचलेला माणूस आणि ईबुक वाचणारा एकमेकांना पान सांगू शकतात. म्हणून आकडे काढण्याऐवजी त्यांच्या खुणा करायच्या ठरवल्या.

त्यात अडचण होती. काही ठिकाणी आकड्याभोवतीच्या रेघा कन्व्हर्टरने खाल्ल्या होत्या, तेव्हा 'फक्त आकडा असलेली ओळ' एवढीच ओळखण उरली. तिच्यात एका प्रकरणाचं '१९७२' हे उपशीर्षकही सापडलं, आणि एका कवितेतले कडव्यांचे १, २, ३. पहिल्या खेपेच्या सरसकट झाडलोटीत हे सगळं गेलं असणार. उपाय सोपा : पानाचे आकडे चढतेच असतात. क्रमात न बसणारा आकडा म्हणजे पान नाही. स्क्रिप्टला म्हटलं, चढता क्रम लावून दे आणि कुठले आकडे गायब आहेत ते सांग.

गायब यादीत सुरुवातीची काही पानं होती, अर्पणपत्रिका वगैरे, त्यांच्यावर आकडा छापतच नाहीत. मग चौदा आकडे, प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानाचे. तिथेही बहुतेक पुस्तकांत आकडा नसतो. आणि त्यांच्याखेरीज एकच : ११९.

११९ हे काही प्रकरणाचं पहिलं पान नव्हतं. प्रकरणाच्या ऐन मध्यात होतं. फाइलमध्ये ११८ नंतर मजकूर सलग जात होता आणि पुढचा आकडा थेट १२० चा. आकडाच तेवढा गळला असेल असं वाटून मी जोड वाचली. ११८ चा शेवट : 'दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही'. त्यापुढची ओळ : 'परत निघालो.' वाक्य पूर्ण. कर्ता, क्रियापद, अर्थ, सगळं जागच्या जागी. पण ११८ च्या आकड्यापासून १२० च्या आकड्यापर्यंत ओळी मोजल्या तर एकाच पानाच्या भरल्या.

मैत्रिणीला फोन केला. तिच्या कन्व्हर्टरच्या चौकटीत एका वेळी थोडाच मजकूर मावत होता, म्हणून ती पान-पान उचलून चिकटवत होती. मध्ये कुणीतरी दार वाजवलं असेल, ती म्हणाली. पीडीएफ उघडून तिने ११९ वं पान पाठवलं. त्याची पहिली ओळ : 'निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात तार आली.' तार काकांच्या वडिलांच्या आजारपणाची. पुढचं सगळं पान त्या एका सकाळचं, आणि शेवटची ओळ : 'कुणीच काही बोललं नाही. त्याच पावली आम्ही'. मग १२० वर, 'परत निघालो.'

पान बसवलं, रेघा तपासल्या, मोजणी केली. भाषा मराठी असल्याची नोंद ईपबमध्ये घातली. ती असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ईपब फाइल तपासणाऱ्या ईपबचेक या प्रोग्रॅमने एका ठिकाणी नाक मुरडलं, तिथे 'आणि' साठी '&' तसंच राहिलं होतं आणि एक्सएचटीएमएलला ते चालत नाही. मग फाइल काकांकडे गेली, आणि मी त्यांना विचारलंच. पहिल्या कच्च्या ईबुकानंतर मी त्यांना पुढची प्रकरणंही पाठवली होती, त्यांनी ती दोनदा वाचली होती, 'दर्या' सारखी बारीक चूक त्यांनी पकडली होती. मग हे अख्खं पान कसं सुटलं?

"अरे, ते पान मला पाठ आहे," काका म्हणाले. "मी वाचलं ना ते. दोन्ही वेळा."